डॉल्फिन दिसण्याची हमी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की कोल्हापूर जिल्ह्यात सहलींचा मोसम सुरू होतो. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत कबनूर, इचलकरंजी, हातकणंगले या पट्ट्यातून एस.टी.च्या आणि खासगी गाड्या भल्या पहाटे कोकणाकडे निघतात. कोणी राधानगरीवरून फोंडा घाट उतरतो, कोणी गगनबावड्याहून करूळचा. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा आणि डॉल्फिन, असा हा ठरलेला क्रम आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी जागच्या जागी असतात. चौथीचे तसे नाही. म्हणूनच सहलीचे पैसे भरताना पालक जो प्रश्न विचारतात तो किल्ल्याबद्दल नसतो. "डॉल्फिन नक्की दिसतोय न्हवं?" एवढेच त्यांना हवे असते.

या लेखाचा विषय तो 'नक्की' आहे. समुद्रापासून पावणेदोनशे किलोमीटरवर, यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाने डॉल्फिनवर लिहावे का, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की डॉल्फिन दिसण्याची हमी मागणारे आपण घाटावरचे लोक आहोत. मालवणच्या कोळ्याला ती कधी लागली नव्हती. तेव्हा त्या हमीची किंमत काय पडते आणि ती कोण मोजतो, हे तपासण्याची पहिली जबाबदारीही आपलीच आहे.

अलीकडे या प्रश्नाला मोबाइलने धार आणली आहे. चीनमधल्या सागरी उद्यानांच्या चित्रफिती आमच्या गल्लीतली पोरे रोज पाहतात. बाहेर बर्फ, आत निळ्या पाण्याचा काचेचा भव्य हौद, त्यात पांढरेशुभ्र बेलुगा देवमासे आणि दोन माणसे मिळून हृदयाचा आकार करत आहेत. "आपल्याकडं असं का न्हाई?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. तो टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी तिथला एक हिवाळी दिवस कसा असतो ते पाहायला हवे.

काचेआडचा हिवाळा

चीनच्या ईशान्येला सोंगहुआ नदीकाठी हार्बिन हे शहर आहे. जानेवारीत तिथला पारा उणे वीस अंशांच्याही खाली जातो. नदी गोठते, तिच्यातून बर्फाच्या लाद्या कापून राजवाडे उभारले जातात आणि ते पाहायला देशभरातून माणसे लोटतात. या बर्फनगरीला जोडूनच प्रवासी जिथे हमखास जातात ते म्हणजे तिथले ध्रुवीय प्राण्यांचे उद्यान. मघाशी सांगितलेला हृदयाचा खेळ याच उद्यानाने प्रसिद्ध केला. अलीकडच्या हिवाळ्यांत तिथले पेंग्विन पाठीवर छोटे दप्तर अडकवून बर्फातून फिरवले जातात आणि लोक दुतर्फा उभे राहून फोटो काढतात.

दक्षिणेला, मकाऊला लागून असलेल्या हंगचिन बेटावर, झुहाई शहराच्या हद्दीत, २०१४ साली चिमलाँग हे सागरी उद्यान सुरू झाले. त्याच्या मत्स्यालयांत सुमारे ४ कोटी ८७ लाख लिटर पाणी आहे आणि आकारमानाचे अनेक जागतिक विक्रम त्याच्या नावावर नोंदले गेले. देवमुशी, बेलुगा, डॉल्फिन, ध्रुवीय अस्वले, पेंग्विन हे सगळे एका तिकिटात, एका दिवसात, फलकावर लिहिलेल्या वेळी दिसते. सकाळी अकराचा खेळ म्हणजे अकराचाच.

चीनमधील बंदिस्त देवमासे आणि डॉल्फिन यांची मोजदाद करणाऱ्या संस्थांच्या २०१९च्या अहवालानुसार त्या देशात अशी सुमारे ८० उद्याने होती आणि त्यांतील प्राण्यांची संख्या हजाराच्या घरात होती. एवढे प्राणी येतात कुठून? बेलुगा आर्क्टिकचा रहिवासी. चीनच्या किनाऱ्यावर तो नाही. तो बहुतांशी रशियाच्या समुद्रातून पकडून आणला जातो. डॉल्फिनपैकी बरेच जपानच्या तायजी येथील शिकारीतून आले. तिथे नौकांवरून लोखंडी नळ्या पाण्यात धरून त्यांवर ठोकतात आणि त्या आवाजाने डॉल्फिनच्या झुंडी खाडीत कोंडतात. २०१८च्या अखेरीस रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर नाखोदकाजवळच्या एका उपसागरात ११ ओर्का आणि नव्वदच्या आसपास बेलुगा तरंगत्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने कोंडलेले आढळले. ते चिनी उद्यानांना विकायचे होते. जगभर बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी ते टप्प्याटप्प्याने सोडून देण्यात आले.

डॉल्फिनला हौदात काय होते हे समजण्यासाठी त्याला जग कसे कळते ते पाहावे लागते. त्याचे डोळे चांगले असतात, पण गढूळ पाण्यात, अंधारात त्याचा आधार आवाजाचा. तो बारीक टकटक आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा, खडक, जाळे ओळखतो. मोकळ्या समुद्रात तो दिवसाला कित्येक किलोमीटर फिरतो. हौदात चारी बाजूंनी भिंत. मासे शोधायचे नसतात, कारण ते बादलीतून येतात, शिट्टी वाजल्यावर, उडी मारल्यानंतर. चेहऱ्यावरचे हसू तर त्याचे हसूच नव्हे. जबड्याची ठेवणच तशी असल्याने आजारी डॉल्फिनही हसताना दिसतो आणि मरणारादेखील.

एक घटना इथे सांगण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये चीनच्या शेनचेन शहरात नूतनीकरणानंतर उघडलेल्या एका सागरी उद्यानात प्रेक्षकांना देवमुशी म्हणून जो प्राणी दाखवला गेला तो यंत्र निघाला. लोक चिडले, काहींनी तिकिटाचे पैसे परत मागितले. देवमुशीच्या व्यापारावर निर्बंध असल्यामुळे यंत्रमासा केला, असे उद्यानाकडून सांगण्यात आले. मला या बातमीत उद्यानवाल्यांची लबाडी तेवढी दिसली नाही. वेळेवर दिसणे हीच जर मागणी असेल, तर ती यंत्राने पुरी करणे हे तिचे सरळ पुढचे पाऊल आहे. निदान त्या यंत्राला समुद्राची आठवण येत नाही.

२०१३चे परिपत्रक

"आपल्याकडं असं का न्हाई?" याचे उत्तर एका सरकारी कागदात आहे. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सर्व राज्यांना एक परिपत्रक पाठवले. डॉल्फिनचे खेळ दाखवणारे उद्यान उभारण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला परवानगी देऊ नये, असे त्यात स्पष्ट सांगितले. हे प्राणी बंदिवासात नीट जगत नाहीत, कोंडल्याने त्यांचे वागणे बिघडते, त्यांना पराकोटीचा त्रास होतो, अशी कारणे दिली. डॉल्फिनच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे एक मतही त्यात नोंदवले आहे. ते असे की त्यांची बुद्धी पाहता त्यांना 'मानवेतर व्यक्ती' मानावे आणि करमणुकीसाठी कोंडणे नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवावे.

या नोंदीवरून भारताने डॉल्फिनला कायद्याने व्यक्ती ठरवले, अशी बातमी जगभर पसरली आणि अजूनही ती फिरत असते. ती खरी नाही. परिपत्रकाने शास्त्रज्ञांचे मत उद्धृत केले, डॉल्फिनला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला नाही. त्याने केले ते एवढेच की हौदाचा दरवाजा बंद केला. पण तेवढेही थोडे नव्हते. ब्रिटनमधील शेवटचे डॉल्फिन प्रदर्शन १९९३ साली बंद झाले होते. कॅनडाने असा कायदा २०१९मध्ये केला. भारताने हे पाऊल बऱ्यापैकी लवकर उचलले.

त्यामागे अनुभवही होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले. सहा महिन्यांत ते सगळे मेले. आणि परिपत्रकाची तातडी का होती? कारण त्या सुमारास देशात अशा नव्या उद्यानांचे प्रस्ताव पुढे येत होते, आणि त्यांतला एक आपल्या सिंधुदुर्गातला होता. मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात 'सी-वर्ल्ड' उभारण्याची चर्चा पुढेही कित्येक वर्षे चालली. गावकऱ्यांचा विरोध मुख्यतः जमिनीसाठी होता. डॉल्फिनचा कैवार हे त्याचे मूळ नव्हते. कसती जमीन, घरे, देवस्थाने सोडून द्यायला लोक तयार नव्हते. प्रकल्प उभा राहिला नाही. माणसाने आपली जागा सोडायचे नाकारले आणि डॉल्फिनची जागाही त्याच्याच पदरात राहिली, असा हा योग आहे.

एकाच घराण्यातली दोन भावंडे

तारकर्लीसमोर जो डॉल्फिन बहुधा दिसतो तो चित्रफितीतला उड्या मारणारा बाटलीनाक्या डॉल्फिन नव्हे. त्याचे नाव कुबड असलेला डॉल्फिन. पाठीच्या मध्यावर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. श्वास घ्यायला वर येताना आधी चोच दिसते, मग कुबड, मग पाठीची कमान पाण्यात जाते, कधी शेपटी. दोन-तीन सेकंदांचा खेळ. लांबी अडीच मीटरच्या आसपास. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी तो राहतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे जाळी लागतात, होड्या धावतात आणि नद्या आपली घाण आणून सोडतात. मादीला साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू होते. त्यामुळे एखाद्या भागातले दोन-चार प्राणी गेले तरी ती उणीव भरायला वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आज 'धोक्यात आलेला' म्हणून नोंदला आहे.

या डॉल्फिनच्या शास्त्रीय नावाचा इतिहास आपल्याला पुन्हा चीनकडे नेतो. लिनियसचा शिष्य पेर ओस्बेक अठराव्या शतकाच्या मध्याला जहाजावरून कँटनला गेला होता. तिथल्या नदीत त्याने पाहिलेल्या पांढऱ्या डॉल्फिनचे वर्णन १७६५मध्ये नोंदले गेले आणि त्या जातीला 'चिनेन्सिस', म्हणजे चीनचा, असे नाव मिळाले. १८२९ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए याने आपल्या मलबार किनाऱ्यावर मिळालेल्या नमुन्यावरून दुसरे नाव दिले, 'प्लम्बिया', म्हणजे शिशाच्या रंगाचा. पुढे बराच काळ अनेक अभ्यासक या दोघांना एकच मानत. २०१४ साली सांगाडे, रंग आणि जनुके यांच्या पुराव्यावरून ते वेगळे करण्यात आले. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत पुष्कळ पुस्तकांत मालवणचा डॉल्फिन 'चिनी' म्हणूनच नोंदलेला होता.

ओस्बेकची ती कँटनची नदी म्हणजे पर्ल नदी. तिच्या मुखाशी हाँगकाँग, मकाऊ आणि झुहाई आहेत, आणि चिमलाँगचे उद्यानही तिथेच. त्याच मुखात आजही चिनी पांढरा डॉल्फिन जगतो. मोठेपणी तो गुलाबी दिसतो. १९९७मध्ये हाँगकाँग चीनकडे परत गेले तेव्हा या डॉल्फिनला त्या सोहळ्याचे बोधचिन्ह केले होते. चीनमध्ये त्याला सर्वोच्च दर्जाचे कायदेशीर संरक्षण आहे. पण त्याच्या पाण्यावरून विमानतळाचे भराव झाले, जलद बोटींचे मार्ग आखले गेले आणि २०१८मध्ये ५५ किलोमीटर लांबीचा सागरी पूल आणि बोगदा सुरू झाला. हाँगकाँगच्या पाण्यातली त्याची संख्या गेल्या दोन दशकांत खूप घटली आहे. प्रवासी त्याच पुलावरून झुहाईकडे येतो आणि तिकीट काढून आर्क्टिकहून आणलेला पांढरा प्राणी काचेतून पाहतो. पुलाखालच्या पाण्यातला पांढरा प्राणी दिसण्याची हमी कोणी देत नाही, म्हणून त्याला तिकीटही नाही.

हौद समुद्रात

इथपर्यंत वाचून आपण शहाणे आणि चिनी लोक अडाणी, असा समज होणे सोपे आहे. म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावरचा एक फलक आठवू या. 'डॉल्फिन नाही, तर पैसे नाहीत' अशा अर्थाची इंग्रजी पाटी तिथे डॉल्फिन सहलींच्या होड्यांजवळ वर्षानुवर्षे लागत आली आहे. आपल्याकडे अशी पाटी असो वा नसो, बोली तीच असते. आम्ही ती मागतो आणि होडीवाला ती देतो.

एकदा हमी दिली की पुढचे सगळे तिच्या मागून येते. सकाळी मतलई वारा असतो, समुद्र निवांत असतो, पाठीचा पर लांबून दिसतो. एका तांडेलाला तो दिसला की मोबाइलवरून दुसऱ्याला कळते. थोड्या वेळात आठ-दहा होड्या एकाच ठिकाणाकडे वळतात. डॉल्फिन बुडी मारतो, होड्या त्याच्या पुढच्या जागेचा अंदाज घेऊन तिकडे वेगाने जातात. होडीतले आम्ही उभे राहून ओरडतो, शिट्ट्या मारतो. पाण्याखाली काय चालले असेल याचा विचार करा. जो प्राणी आवाजावर जगतो त्याच्याभोवती चारी बाजूंनी यंत्रांचा आवाज उभा राहतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्या गोंगाटात स्वतःचा प्रतिध्वनी ऐकायचा, माशांचा माग काढायचा, पिल्लाला जवळ ठेवायचे. जगभरच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे की होड्यांच्या पाठलागात डॉल्फिन अधिक काळ पाण्याखाली राहतात, खाणे आणि विसावा सोडून देतात, आणि त्रास सतत राहिला तर ती जागाच सोडतात. आपण भिंती बांधल्या नाहीत, पण होड्यांचे कडे केले. तासाभरापुरता तो हौदच झाला.

होडीवाल्याची बाजूही मांडली पाहिजे. तो बहुधा मच्छीमार घरातला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, उरलेल्या मोसमात मोठ्या ट्रॉलरच्या आणि पर्ससीन जाळ्यांच्या स्पर्धेत किनाऱ्याजवळची छोटी मासेमारी मार खाते. डॉल्फिन जाळ्यातले मासे ओढतो आणि जाळे फाडतो, हेही त्याचे नुकसान. तारकर्ली-देवबागला पर्यटन वाढले तशी त्या घरांना दुसरी मिळकत मिळाली. ज्या प्राण्यावर पूर्वी चिडायचे तोच आता चार पैसे देतो. ही मोठी गोष्ट आहे. डॉल्फिन जिवंत राहण्यात कोणाचा तरी स्वार्थ असणे हे संवर्धनाच्या कोणत्याही फलकापेक्षा टिकाऊ असते. अडचण एवढीच की आजच्या पद्धतीत तो पैसा डॉल्फिन दाखवण्याचा मिळतो, डॉल्फिन राहू देण्याचा मिळत नाही. दाखवला नाही तर पुढच्या वर्षी आमची गाडी दुसऱ्या होडीकडे जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मालवणला १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या नियमांवरून मच्छीमार आणि सरकार यांच्यात तेव्हापासून ताण आहे, कारण रेषा आखताना त्यांना विचारले नाही अशी त्यांची तक्रार राहिली. याउलट ज्या योजनेत त्यांना भागीदार मानले गेले ती लोकांना पटली. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने गेल्या काही वर्षांत अशी व्यवस्था केली की जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडला आणि त्याचा पुरावा दिला, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, देवमुशी, डॉल्फिन असे कितीतरी प्राणी त्यामुळे परत समुद्रात गेले. ते प्राणी वाचवताना एकाही पर्यटकाला ते दिसले नाहीत.

छीछी आणि नदी

हौदाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद केला जातो, तो बाजूला सारून चालणार नाही. समुद्र आणि नद्या इतक्या बिघडल्या आहेत की काही प्राणी हौदातच वाचतील, आणि मुलांनी ते पाहिले तरच त्यांना त्यांच्याबद्दल माया वाटेल, असे म्हणतात. याची परीक्षाही चीननेच घेऊन ठेवली आहे.

यांगत्से नदीत बायजी नावाचा फिकट रंगाचा, लांब चोचीचा डॉल्फिन होता. आपल्या गंगेतल्या सूसचा हा दूरचा सोबती. जानेवारी १९८०मध्ये मच्छीमारांच्या हाती एक जखमी नर लागला. वूहानच्या जलजीवशास्त्र संस्थेने त्याला वाचवले, त्याचे नाव छीछी ठेवले. अत्यंत काळजीने त्याला सांभाळण्यात आले. तो साडेबावीस वर्षे हौदात जगला, १४ जुलै २००२ रोजी गेला. त्याला जोडीदार मिळवून देण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत. त्या बावीस वर्षांत बाहेरच्या नदीत आकड्यांच्या दोऱ्या, विजेचा झटका देऊन होणारी मासेमारी, वाढती जहाजे, धरणे आणि प्रदूषण चालूच होते. २००६च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी सहा आठवडे दोन बोटींतून त्याचा नदीतला सारा पट्टा शोधला. एकही बायजी दिसला नाही. छीछीला पाहिलेली, त्याच्यावर माया केलेली माणसे हजारो असतील. त्याची जात मात्र त्या मायेने वाचली नाही, कारण तिला नदी लागत होती.

याच नदीत आणखी एक प्राणी आहे, पाठीवर पर नसलेला छोटा पॉरपॉइज. त्याचा खाऱ्या पाण्यातला भाऊबंद आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहे, फारसा कोणाच्या लक्षात न येणारा. बायजी गेल्यावर चीनने धडा घेतला. मूळ प्रवाहापासून तुटलेल्या एका जुन्या वळणाच्या सरोवरात १९९०पासून काही पॉरपॉइज सोडले होते, ते तिथे स्वतः मासे पकडत वाढले, शंभराच्या आसपास झाले. त्याहून मोठे पाऊल म्हणजे १ जानेवारी २०२१पासून यांगत्सेच्या प्रमुख पात्रात दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली. दोन लाखांहून अधिक मच्छीमारांना दुसऱ्या कामाकडे वळवावे लागले. हा निर्णय कठोर होता, त्याची झळ गरिबांना बसली. पण २०१७च्या मोजणीत १,०१२ असलेले पॉरपॉइज २०२२च्या मोजणीत १,२४९ झाले. घसरण थांबून संख्या वाढल्याची ही पहिलीच नोंद. ज्या देशात सर्वांत जास्त हौद बांधले गेले त्याच देशाने हेही दाखवले की प्राणी वाचतो तो नदी वाचवल्याने.

कबनूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या जवळून पंचगंगा वाहते. इचलकरंजी परिसराचे सांडपाणी घेऊन ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही दरवर्षासारख्या वाचतो. हे पाणी कोकणात जात नाही, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, म्हणून मालवणच्या डॉल्फिनचे त्याने काही बिघडत नाही. पण जे लोक स्वतःच्या नदीत मासा उरला आहे का हे विचारत नाहीत, तेच लोक दुसऱ्याच्या समुद्रात डॉल्फिनची हमी मागतात, हे मला अलीकडे खटकते.

सहलीला जाताना

मग सहली बंद कराव्यात का? मुळीच नाही. यंत्रमागाच्या शेडशेजारी वाढलेल्या मुलाने समुद्र पाहिलाच पाहिजे. बदलायची आहे ती बोली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत डॉल्फिनपासून १५० मीटरच्या आत होडी सावकाश चालवायची आणि ५० मीटरच्या आत न्यायचीच नाही, असे आहे. समोरून किंवा मागून न जाता बाजूने समांतर जायचे, पिल्लू असेल तर लांब राहायचे, एका वेळी दोन-तीनच होड्या ठेवायच्या, हे नियम जगभर साधारण सारखेच आहेत. ते पाळायला यंत्र लागत नाही. गाडीतले शिक्षक आणि पालक यांनी होडीत बसण्यापूर्वी तांडेलाला एवढेच सांगायचे, "मामा, दिसला तर बघू, पाठलाग नको. पैसे ठरलेत तेवढे मिळतील." त्या एका वाक्याने होडीवाल्याच्या मानेवरचा हमीचा जू उतरतो. मग तो स्वतःहून बोलू लागतो. कुठे तारली लागते, वारा कधी फिरतो, देवबागचा वाळूचा दांडा कसा सरकतो, हे त्याला जेवढे माहीत असते तेवढे कोणत्याही काचेच्या हौदापाशी उभे राहून कळणार नाही.

मुलांनाही आधी सांगता येते की मालवणचा डॉल्फिन उडी मारून दाखवत नाही. चोच, कुबड, पाठ एवढेच दिसेल, तेही दोन-तीन सेकंद, आणि कदाचित दिसणारच नाही. ज्या मुलाला एवढे ठाऊक असते ते होडीत ओरडत नाही, पाण्याकडे बघत बसते. तासभर पाण्याकडे बघणे हीदेखील सहलच आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांचा प्रश्न होता, "आपल्याकडं असं का न्हाई?" त्यांना मी आता असे सांगतो की आपल्याकडचा डॉल्फिन अजून त्याच्या घरी आहे. पाहुण्याने दाराशी जावे, हाक न मारता थांबावे, तो बाहेर आला तर पाहावे. नाही आला, तर तो घरात आहे एवढे समजून परत फिरावे.